नवरंग आणि दारावरची काच

आमच्या मंडळाच्या संपादिका मॅडम दिवाळी अंकासाठी लेख मागायला आल्या, तेव्हा मी त्यांना विचारलं, "काचेबद्दल लिहू की पाखराबद्दल?" त्या म्हणाल्या, "तुम्ही जन्मभर काचेचा धंदा केला, काचेबद्दलच लिहा की." आता माझी पंचाईत अशी की माझ्या आयुष्यात ह्या दोन गोष्टी एकमेकींवर आपटलेल्या आहेत. काचेचं सांगायला बसलो की पाखरू येतंच. तेव्हा मॅडमनी जरा सांभाळून घ्यावं.

दुकान आमचं अफझलगंजला. वडील उदगीरकडचे. शेती थोरल्या भावावर सोपवून निजामाच्या काळात हैदराबादला आले, एका काचवाल्याच्या हाताखाली शिकले आणि पुढे स्वतःची गादी टाकली. देवादिकांच्या तसबिरी, आरसे, खिडक्यांची तावदानं, झालंच तर मिठाईवाल्यांची कपाटं, एवढाच पसारा. मी बी.कॉम. झालो तेव्हा आईला वाटत होतं, पोरगं बँकेत लागेल. वडिलांनी माझ्या हातात काचेवर रेघ मारायची हिरकणी दिली. तेवढ्यावर माझं करिअर ठरलं.

काच कापतात असं लोक म्हणतात, पण काच कोणी कापत नाही. हिरकणीनं तिच्यावर फक्त एक रेघ मारायची आणि मग रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे देऊन हलकेच दाब द्यायचा. काच आपली आपण त्या रेघेवर मोडते. मात्र रेघ एकदाच मारायची. मन भरलं नाही म्हणून कोणी तिच्यावरून दुसऱ्यांदा हिरकणी फिरवली, तर काच हवी तिथे मोडायची सोडून हवी तशी मोडते. माझं पहिलं वर्ष असंच गेलं, आणि वडिलांनी तुकडे मोजून दाखवले नाहीत ही त्यांची कृपा.

मला खरं काम शिकवलं ते ख्वाजाभाईंनी. वडिलांच्या वेळेपासूनचे आमचे कारागीर. माझ्याहून वयानं मोठे, पण मी गादीवर बसलो त्या दिवसापासून मला "सेठ" म्हणायला लागले, आणि त्यात आदर किती नि चेष्टा किती हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. एकदा एक गिऱ्हाईक आरसा परत घेऊन आलं. म्हणे, ह्यात मी काळा दिसतो. दुसरा दिला, तिसरा दिला, दुकानातल्या प्रत्येक आरशापुढे जाऊन तो नाक मुरडायचा. शेवटी ख्वाजाभाई अगदी अदबीनं म्हणाले, "साब, आईना हम बदल देते. उसके आगे का काम उप्परवाले का है." गिऱ्हाईक हसलं आणि पहिलाच आरसा घेऊन गेलं.

ह्याच ख्वाजाभाईंचा एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. नवी काच बसवली की तिच्यावर चुन्याची मोठी फुली मारायची. का, तर स्वच्छ काच दिसत नाही, आणि माणसं येऊन धडकतात. हे तर जगातले सगळे काचवाले करतात. पण आमच्याकडे एक पोटनियम होता. ज्यानं काच बसवली त्यानंच ती फुली पुसायची, आणि पुसायची कधी, तर चौकटीच्या पट्ट्या पक्क्या झाल्यावर, फटीत भरलेला मसाला सुकल्यावर आणि बोटाच्या पेरानं काच वाजवून पाहिल्यावर. फुली आहे तोवर काच कच्ची. फुली नाही म्हणजे काम संपलं. आम्ही कुठे काही लिहून ठेवत नव्हतो. एखाद्या इमारतीत शिरलो की नुसत्या नजरेनं कळायचं, काय उरलंय आणि काय झालंय. ह्या पद्धतीचा आम्हाला फार अभिमान होता.

नव्वदीनंतर मात्र धंद्याचं रूपच पालटलं. आधी चांगली काच पाहिजे असेल तर मोठ्या व्यापाऱ्याची मनधरणी करावी लागे. बाजार उघडल्यावर निळी, हिरवी, सोनेरी, आरशासारखी चमकणारी, अशी तऱ्हेतऱ्हेची काच दारात येऊन पडायला लागली. अमीरपेटला गल्लीगल्लीत कॉम्प्युटर शिकवणारे क्लास निघाले, आणि प्रत्येकाला काचेची केबिन पाहिजे. मालकाला सगळे दिसले पाहिजेत आणि सगळ्यांना मालक दिसला पाहिजे. मग माधापूरच्या पुढे, जिथं नुसते खडक आणि सीताफळीचं रान होतं, तिथं इमारतीच काचेच्या व्हायला लागल्या. आमच्या गावचं ऊन सगळ्यांना ठाऊक आहे. त्या उन्हात काचेचं घर बांधायचं आणि मग ते थंड करायला यंत्रं लावायची, हे ख्वाजाभाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. मला पटलं असं नाही, पण माझ्या दोन्ही मुलींची शिक्षणं त्याच काचेवर झाली. मी तिला नावं ठेवणार नाही.

आता पाखराकडे येतो.

तारनाक्याला कुलकर्णीबाई म्हणून माझ्या एक गिऱ्हाईक होत्या. युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या बैठकीला मी बागेच्या बाजूनं एक मोठी अखंड काच बसवून दिली होती. बाई खूश होत्या. उन्हाळा संपत आला असताना त्यांचा फोन आला, "तुमची काच काढून घेऊन जा." मला वाटलं तडा गेला. धावत गेलो, तर काच ठणठणीत. बाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं, फ्रिज उघडला, दह्याच्या पातेल्यामागून वर्तमानपत्राची एक पुडी काढली आणि ओट्यावर सोडली. आत मेलेलं पाखरू.

मी असं पाखरू कधी पाहिलं नव्हतं. बुलबुलाएवढं असेल, पण गुबगुबीत, शेपूट जवळजवळ नाहीच. पाठ हिरवी, पंखावर निळ्याचा चमचमता डाग, पोट बदामी, डोळ्यावर काळी पट्टी, भुवई पांढरी, आणि शेपटाखाली असं लालभडक की कोणी कुंकवाचं बोट ओढलंय. एवढ्याशा जिवाला इतके रंग कशाला लागतात, असंच मनात आलं.

"हा नवरंग," बाई म्हणाल्या. "हिवाळाभर खाली दक्षिणेच्या जंगलांत असतो. ह्या दिवसांत वर, मध्य भारताच्या जंगलांकडे निघतो. रात्रीचा उडतो, पहाटे दमून मिळेल त्या झाडीत उतरतो. जमिनीवरचा पाचोळा उलटून किडे खातो, गुपचूप राहतो, म्हणून तुम्हा-आम्हाला दिसत नाही. आणि दिसतो तो असा. तुमच्या काचेत त्याला माझा आंबा दिसला. तो आंब्याकडे गेला."

मी पुडीकडे पाहिलं. मग विचारलं, "पण फ्रिजमध्ये का ठेवलाय?"

"डिपार्टमेंटला द्यायचाय, मुलांना शिकवायला. घरात कोणी दह्याला हात लावत नाही आता," त्या म्हणाल्या.

काच काही मी काढली नाही. तिच्या बाहेरून दोऱ्या बांधून दिल्या, हाताच्या पंजाएवढ्या अंतरावर, वरपासून खालपर्यंत. पाखराला तेवढ्यात कळतं की इथं काहीतरी आहे. बाईंनी चहा पाजला आणि निघताना सांगितलं, "कुठं असा पडलेला दिसला आणि धुगधुगी असली, तर पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचा. झाकण लावून, अंधारात. पाणी पाजायचं नाही, कुरवाळायचं नाही. झोपू द्यायचं. पुष्कळदा उठतो." मी हो हो म्हणालो. काचवाल्याला असल्या माहितीचा काय उपयोग, असंच तेव्हा वाटलं होतं.

त्यानंतर एकदोन उन्हाळ्यांनी मला माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. प्रसादराव नावाचे एक तरुण गृहस्थ अमेरिकेहून परत आले होते आणि माधापूरच्या पुढे त्यांनी आपल्या कंपनीची इमारत बांधायला घेतली होती. पुढची अख्खी बाजू निळ्या काचेची. आत शिरलं की दोन मजले उंच मोकळी जागा, आणि दाराच्या वर एक भली मोठी काच. त्या काचेखाली, आतल्या बाजूला, स्वागताचं टेबल.

त्या टेबलाशी बसायला जी मुलगी नेमली होती ती नेमकी ओळखीची निघाली. अनुराधा. चिक्कडपल्लीची. तिचे वडील सुलतान बाजारात कापडाच्या दुकानात नोकरीला होते आणि त्यांच्या घरातल्या सगळ्या देवांना चौकटी आमच्याच होत्या. लहान असताना ही वडिलांच्या मागून दुकानात यायची आणि आरशांच्या रांगेपुढे उभी राहून वेडावून दाखवायची. आता अगदी इस्त्रीची साडी नेसून बसली होती. घरातली नोकरी करणारी पहिली मुलगी. वडिलांचा ह्या नोकरीला विरोध होता. त्यांचं म्हणणं, आल्या-गेल्याला हसून दाखवायचं, ही कुठली नोकरी. तिनं हट्ट करून महिन्याभराची परवानगी मिळवली होती. काही कमीजास्त झालं तर घरी बसायचं, असं ठरलं होतं.

"काका, तुम्ही इथं कैसे?" ती मला पाहून म्हणाली. हिची मराठी अशी. इंग्रजी शाळा, शेजार तेलुगू, मैत्रिणी उर्दूवाल्या. मराठी बोलते तोंडभर, पण वाचायला दिलं की अक्षरं लावत बसते.

"हे घर मीच बांधलंय," मी म्हणालो.

"हौ? मग ह्या एसीची हवा माझ्या डोक्यावर कायकू येते ते सांगा."

काम संपत आलं होतं. दारावरची ती मोठी काच ख्वाजाभाईंनी स्वतः बसवली होती. अशी काच खाली रबराच्या ठोकळ्यांवर टेकवतात, कारण काचेला धातू लागता कामा नये. मग आतल्या बाजूनं चारही कडांना रबर घालून अॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावून स्क्रूनं आवळतात, फटीत मसाला भरतात. ख्वाजाभाईंनी खालची नि उजवीकडची पट्टी आवळली. वरची आणि डावीकडची नुसती दाबून बसवली, आणि तेवढ्यात वीज गेली. ड्रिल बंद. त्यांनी चुन्याची भली थोरली फुली मारली आणि उरलेलं उद्या करू म्हणून उतरले. दुसऱ्या दिवशी बीदरहून निरोप आला की भाचीचं लग्न अलीकडे ओढलंय, आणि ते तसेच बीदरला गेले. जाताना आमच्या दुसऱ्या कारागिराला, यादगिरीला, सांगून गेले, "फुल्ल्यां देख लेना." म्हणजे जिथं फुली दिसेल तिथलं उरलेलं पुरं कर.

आमच्या पद्धतीनं बरोबरच सांगितलं. पण उद्घाटन जवळ आलं होतं, फोटो काढणारे येऊन जायचे होते, आणि प्रसादरावांच्या ऑफिसातून सफाईच्या बायकांना हुकूम सुटला की इमारत आरशासारखी दिसली पाहिजे. त्यांनी परांचीवर चढून, शिड्या लावून, सगळ्या काचा धुऊन काढल्या. चुन्यासकट. यादगिरी आला, त्यानं वर पाहिलं, फुली कुठंच नाही. त्याला वाटलं, ख्वाजाभाई सगळं पुरं करून गेले. मी आलो, मीही वर पाहिलं. एकही फुली नाही. मला तर अभिमानानं भरून आलं. ज्या पद्धतीवर आम्ही एवढी मिजास मारायचो तीच आमच्या अंगलट आली होती आणि आम्ही तिघंही बेफिकीर होतो. त्या काचेचं वजन चार माणसांनी उचलायचं. खाली अनुराधा बसून फोनवर "गुड मॉर्निंग" म्हणायचा सराव करत होती.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळची गोष्ट. मी हत्यारं गोळा करायला गेलो होतो. दारात फुलांची कमान बांधणं चाललं होतं. आदल्या दिवशी धुळीचं वारं सुटलं होतं, ते पडलं होतं. मी पायऱ्यांवर उभा राहून आपलंच काम बघत होतो. काचेत समोरची सगळी सीताफळीची झाडी उतरली होती. फार सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात झाडीतून काहीतरी सुटलं आणि दारावरच्या काचेवर आपटलं.

फुलंवाल्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा दोरा ओवायला लागले. त्यांच्या लेखी काही झालंच नव्हतं. मी मात्र चमकलो. कारण नीट बसलेली काच अशा धक्क्याला नुसतं थप् म्हणून गप्प होते. चारही बाजूंनी रबरानं धरलेली असते, तिला थरथरायला जागाच नसते. ही काच थप् म्हणाली, आणि मग वरच्या कोपऱ्यात बारीक खर्रर्र करत राहिली. पत्र्याच्या डब्यात पैसा हलावा तसं. वडिलांच्या वेळेपासून तो आवाज मला माहीत होता. काच सैल आहे असं तो सांगतो.

मी आत बघितलं. टेबलाशी कोणी नव्हतं. अनुराधा उठून दारातून बाहेर धावत येत होती, कारण तिनं काचेतून पाखरू पडताना पाहिलं होतं.

पाखरू पायरीवर उताणं पडलं होतं. हिरवं, निळं, आणि शेपटाखाली लाल. मी ओळखलं. डोळे मिटलेले, पण छाती हलत होती. अनुराधा त्याच्यापाशी बसली आणि रडवेली होऊन मला म्हणाली, "काका, तुमच्या काचेनं मारलं ह्याला. पाणी आणू? साखर घालून आणू?"

त्या क्षणी मला कुलकर्णीबाईंचे शब्द आठवले आणि त्यांचा एक वेगळाच उपयोग सुचला. मी म्हणालो, "पाणी नको. खोकं आण. नको, तू थांब, खोकं मी आणतो. तू आत जायचंच नाही." कॉम्प्युटरचं एक रिकामं खोकं बाजूला पडलं होतं, ते आणलं. तिनं पदरानं अल्लाद उचलून पाखरू आत ठेवलं. मी तिला लांब, चिंचेच्या झाडाखाली नेऊन बसवलं आणि सांगितलं, "झाकण लावून मांडीवर धर. ऊन लागू द्यायचं नाही, आवाज होऊ द्यायचा नाही. मी सांगेपर्यंत इथून हलायचं नाही. तू हललीस तर हे मरेल."

"आणि माझं टेबल? साहेब ओरडतील नं."

"साहेबांना मी बघतो."

साहेब आलेच. टेबल रिकामं, नवी मुलगी झाडाखाली पुठ्ठ्याचं खोकं मांडीवर घेऊन बसलेली. प्रसादरावांचा पारा चढला. "हिला सांगा, पाखरं सांभाळायची असतील तर घरी बसावं," ते इंग्रजीत म्हणाले. मला तिचे वडील आठवले. मी प्रसादरावांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की दारावरची काच सैल आहे, ती आत पडेल, आणि पडली तर त्या टेबलावर पडेल. माणूस चांगला होता, एवढं मी म्हणेन. वाद घातला नाही, ओरडले नाहीत. फुलंवाल्यांना मागच्या दारी पाठवलं, आतली माणसं हलवली, दोरी बांधून दार बंद केलं. एकच म्हणाले, "आत्ता कोणाला सांगू नका. आणि त्या मुलीला बसू द्या तिथंच."

यादगिरीनं आतून शिडी लावली. मी नको म्हणत असताना प्रसादरावांनी स्वतः शिडी धरली. यादगिरीनं वर जाऊन पट्टीला नुसतं बोट लावलं, आणि पट्टी त्याच्या हातात आली. काचेची वरची कड खाचेतून सुटली आणि ती आमच्याकडे झुकली. बोटभर, फार तर दोन बोटं. पण दोन मजल्यांच्या उंचीवर काच दोन बोटं झुकली की काय होतं ते खाली उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. यादगिरीनं तळहात टेकवून ती तशीच धरली. दुसऱ्या शिडीवर मी चढलो. वय झालं होतं, पण चढलो. हातात रबरी वाट्या होत्या, ज्या काचेला चिकटून धरतात. त्या लावल्या आणि दोघांनी मिळून इंचाइंचानं तिला परत जागेवर आणली.

तेवढ्यात दारात ख्वाजाभाई उभे. बीदरच्या गाडीतून उतरून तसेच आले होते, अंगाला लग्नातलं अत्तर, हातात मिठाईचा पुडा. त्यांनी वर पाहिलं आणि सगळं समजले. मिठाई खाली ठेवली. "मेरी फुल्ली कौन पोंछा?" एवढंच विचारलं. सफाईवाल्या बायकांचा काय दोष, यादगिरीचा तरी काय. ते शिडीवर चढले, मला खाली उतरवलं, आणि दुपारपर्यंत त्यांनी चारही पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या, आवळल्या, मसाला भरला. मग सगळ्या इमारतीतल्या काचा पेरानं वाजवत फिरले. बाकी एकही सैल निघाली नाही. उतरल्यावर ते पायरीवर बसले. "सेठ, वो बच्ची वहीं बैठती ना?" मी हो म्हणालो.

मी आयुष्यात देवाचे आभार अनेकदा मानले आहेत, पण त्या दुपारी मी ज्याचे आभार मानले ते एका खोक्यात होतं. रात्रभर उडून दमून आमच्या गावात उतरलेलं, आमच्याच काचेनं फसवलेलं. माझी काच त्याचा जीव घ्यायला निघाली होती आणि त्यानं आम्हाला सावध केलं.

ऊन कललं तेव्हा अनुराधानं मला हाक मारली. खोक्यात खुडबुड चालली होती. आम्ही दोघं ते घेऊन इमारतीच्या मागे सीताफळीच्या रानात गेलो. तिनं खोकं जमिनीवर ठेवलं आणि झाकण उघडलं. नवरंग उभा होता, लांब पायांवर, अगदी ताठ. त्यानं आमच्याकडे एकदा डावीकडून नि एकदा उजवीकडून पाहिलं. मग टुणकन बाहेर उडी मारली, दोनचार पावलं चालला, एक पान उलटून बघितलं, जणू दिवसभर काही झालंच नव्हतं. आणि फुर्रकन झाडीत गेला. तिथून त्याची शीळ आली, दुपदरी, स्वच्छ. ती मी पहिल्यांदाच ऐकली.

अनुराधाचा चेहरा असा फुलला होता की बस. "काका, मी नसते तर हे मेलं असतं की नै?"

सांगावं असं फार वाटलं. पण दुसऱ्या दिवसापासून तिला त्याच काचेखाली बसायचं होतं, रोज. सांगितलं असतं तर ती एक दिवसही वर न पाहता बसली नसती. घरी कळलं असतं तर वडिलांनी नोकरी सोडायला लावली असती. मी म्हणालो, "हौ. मेलं असतं."

पुढे लग्न होईपर्यंत ती तिथंच बसली. ती काच अजून जागेवर आहे. त्या इमारतीच्या झाडीकडच्या बाजूला दर उन्हाळ्यात दोऱ्या बांधायचा खर्च प्रसादरावांनी न कुरकुरता केला. ख्वाजाभाई आता नाहीत. जाईपर्यंत ते कुठल्याही इमारतीत फुलीवर विसंबले नाहीत, स्वतः वाजवून पाहायचे.

अनुराधाची मुलं आता मोठी झाली. मंडळाच्या कार्यक्रमात भेटते, नवऱ्याला, नणंदेला, जो भेटेल त्याला ओढून आणते आणि सांगते, "मी एका नवरंगाचा जीव वाचवला होता, विचारा काकांना." लोक माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो. खोटं काहीच नाही त्यात, पण ते अर्धंच आहे.

अनु, उरलेलं अर्धं आज लिहिलं. तुला वाचायचा कंटाळा, हे मला ठाऊक आहे. नवरा पुण्याचा आहे, त्याला वाचून दाखवायला सांग. तू त्या दिवशी खोकं मांडीवर घेऊन झाडाखाली बसलीस आणि त्याला वाचवलंस, हे खरंच आहे. पण त्याच्या आधी त्यानं तुला टेबलावरून उठवलं होतं.